संशोधन केंद्रांच्या शिवारात

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात दरवर्षी १८ मे रोजी, म्हणजे विद्यापीठाच्या स्थापनादिनी, खरीप पीक मेळावा भरतो आणि १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, रब्बीचा. या मेळाव्यांना येणारे बहुतेक शेतकरी तुरीच्या, सोयाबीनच्या किंवा ज्वारीच्या बियाण्याची पिशवी घ्यायला आलेले असतात. पिशवी हातात पडली की ते विक्रीला बसलेल्या माणसाला किंवा जवळपास दिसणाऱ्या एखाद्या शास्त्रज्ञाला गाठतात आणि निरनिराळ्या शब्दांत एकच गोष्ट विचारतात: माझी जमीन अशी आहे, पाणी एवढेच आहे, तर हे वाण माझ्या रानात येईल का? मी कोरडवाहू शेतीच्या घरात वाढले, आणि हा प्रश्न माझ्या वडिलांच्या तोंडून अनेकदा ऐकला आहे. लोकांच्या पैशातून चालणाऱ्या शेती संशोधनाची उपयुक्तता मोजायची असेल, तर या प्रश्नाला मिळणाऱ्या उत्तराच्या खरेपणावरूनच ती मोजावी, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे.

महाराष्ट्रात चार कृषी विद्यापीठे आहेत. राहुरीचे विद्यापीठ १९६८ मध्ये, अकोल्याचे १९६९ मध्ये, तर परभणी आणि दापोली येथील विद्यापीठे १९७२ मध्ये स्थापन झाली. आपल्या भागाला स्वतंत्र कृषी विद्यापीठ हवे, या मागणीसाठी विदर्भात लोक रस्त्यावर उतरले होते. विद्यापीठासाठी आंदोलन ही गोष्ट आज विलक्षण वाटेल, पण तिच्यामागची जाण अगदी व्यवहारी होती. कापसाच्या काळ्या रानाचे दुखणे त्या रानात राहूनच समजते, हे त्या लोकांना ठाऊक होते. माझे मत तर असे आहे की, विद्यापीठांचे सर्वांत मोलाचे काम त्यांच्या मुख्यालयांत झालेले नसून आडवाटेच्या लहान संशोधन केंद्रांवर झालेले आहे. बदनापूर, नांदेड, मोहोळ, पाडेगाव, वडगाव मावळ, कसबे डिग्रज, निफाड, वेंगुर्ले, सिंदेवाही ही त्यांतली काही नावे. यांपैकी काही केंद्रे विद्यापीठांहूनही जुनी आहेत. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ चे, आणि सोलापूरला कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले ते १९३३ मध्ये. एसटीच्या खिडकीतून फाटकावरची पाटी, आत काही जुन्या इमारती आणि खुंट्या ठोकून आखलेले वाफे दिसतात. आपण पुढे निघून जातो, आणि घरी जे वरण शिजते त्याची तूर कदाचित त्याच वाफ्यांतून निघालेली असते.

बदनापूरची गोष्ट मला या सगळ्यात फार बोलकी वाटते. तुरीला दोन रोगांनी वर्षानुवर्षे छळले. एक मर रोग, जो जमिनीतल्या बुरशीमुळे होतो आणि उभे झाड वाळवून टाकतो. दुसरा वांझ रोग. या रोगात झाड मरत नाही. ते हिरवे राहते, वाढते, पाने मात्र लहान आणि फिकट होतात आणि झाडाला फुले-शेंगा धरत नाहीत. रोगाला कारण असलेला विषाणू डोळ्यांना न दिसणाऱ्या, कोळी नावाच्या एका किडीमार्फत पसरतो. शेतकऱ्याला दुरून पीक जोमदार दिसते आणि शेंगा भरायच्या दिवसांत कळते की निम्मे रान रिकामे आहे. यावर फवारणीचा इलाज पुरा पडत नाही. कोरडवाहू तुरीला तेवढा खर्च झेपतही नाही. उपाय बियाण्यातच असायला हवा होता. बदनापूर केंद्राने रोग टाळण्याऐवजी तो मुद्दाम जोपासला. जिथे दरवर्षी रोग येईलच अशा रानात शेकडो वाणांच्या ओळी लावायच्या, आणि जी झाडे त्यातूनही तग धरतील त्यांचेच बी पुढे न्यायचे, असे ते काम होते. त्यातून बीएसएमआर ७३६ आणि बीएसएमआर ८५३ हे दोन्ही रोगांना तोंड देणारे वाण आले आणि मराठवाड्यात तुरीचे पीक पुन्हा भरवशाचे झाले.

काम तिथे थांबले नाही, आणि मला या संशोधकांविषयी आदर वाटतो तो या पुढच्या टप्प्यासाठी. रोग आटोक्यात आला तरी पावसाचे काय? बीएसएमआर ७३६ ला तयार व्हायला जवळपास सहा महिने लागतात. परतीचा पाऊस दगा देऊ लागला, तसे हलक्या आणि मध्यम रानांतले हे पीक शेंगा भरताना ओलाव्यावाचून अडू लागले. मग त्याच केंद्राने लवकर येणारा, सुमारे पाच महिन्यांत तयार होणारा, पांढऱ्या दाण्याचा बीडीएन ७११ दिला. भारी जमीन आणि पाण्याची सोय असलेल्यांसाठी एक वाण आणि उथळ रानाच्या शेतकऱ्यासाठी दुसरे, असा भेद एखादे केंद्र तेव्हाच करू शकते, जेव्हा त्याच्या भोवतालच्या शिवारात दोन्ही प्रकारचे शेतकरी राहत असतात आणि ते केंद्रात येऊन तक्रार करू शकतात.

इथे पैशाचा प्रश्न येतो आणि तो टाळून या विषयावर प्रामाणिकपणे लिहिता येणार नाही. तूर, हरभरा, सोयाबीन यांचे सरळ, म्हणजे संकरित नसलेले, वाण असले की शेतकरी एकदा आणलेले बियाणे पुढची काही वर्षे घरचेच वापरू शकतो. आमच्या घरी बियाण्याचे दाणे निवडून राखून ठेवण्याचे काम आईकडे होते, आणि गावातल्या बहुतेक घरांत ते बायकांकडेच असे. जे बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागत नाही, त्याच्या संशोधनावर दहा-बारा वर्षे पैसा गुंतवण्यात खासगी कंपनीला फारसा रस नसतो, आणि त्यात तिचा दोषही नाही. कडधान्यांचे संशोधन महाराष्ट्रात मुख्यतः सार्वजनिक संस्थांच्या खांद्यावर राहिले ते यामुळे. राहुरीचे विजय, दिग्विजय आणि यंत्राने काढता येईल असा उंच वाढणारा फुले विक्रम, अकोल्याने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या साथीने दिलेला जाकी ९२१८, ही हरभऱ्याची नावे गावोगाव तोंडी आहेत.

कापसाने याची दुसरी बाजू दाखवली. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने १९८४ मध्ये दिलेला एनएचएच ४४, म्हणजे सर्वांच्या ओळखीचा नांदेड ४४, हा कोरडवाहू कापसाचा मोठा आधार होता. रसशोषक किडींना तो सहसा नमत नसे आणि पावसाच्या खंडानंतर पुन्हा उभा राही. २००२ मध्ये देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. बोंडअळीला रोखणारे जनुक खासगी कंपन्यांच्या संकरित वाणांतून आले आणि नांदेड ४४ त्याअभावी काही वर्षांतच मागे पडला. पुढे महाबीज या राज्याच्या बियाणे महामंडळाच्या साहाय्याने त्याचे बीटी रूप तयार झाले, परंतु मधल्या काळात कोरडवाहू शेतकऱ्याची दुकानातील पाकिटांखेरीज दुसरी निवड उरली नव्हती. सार्वजनिक संशोधन वेळेवर पोचले नाही की शेतकऱ्याला काय मोजावे लागते, हे त्या वर्षांत आम्ही जवळून पाहिले.

रब्बी ज्वारीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण या पिकावरच्या कामातून संशोधकांनी शेतकऱ्यांकडून किती शिकावे लागते ते दिसते. मोहोळच्या केंद्रात स्वातंत्र्यापूर्वीच स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करून मालदांडी ३५-१ हे वाण काढण्यात आले. त्यानंतर कितीतरी संकरित आणि सुधारित वाण आले, ज्यांचे धान्याचे उत्पादन कागदावर मालदांडीपेक्षा सरस होते. तरीही सोलापूर, नगर, बीड, उस्मानाबाद या पट्ट्यातील शेतकरी मालदांडी सोडायला तयार नव्हते. त्याला अडाणीपणा म्हणणारेही काही होते. वास्तविक शेतकऱ्याचा हिशेब अधिक पूर्ण होता. त्याला मोत्यासारखा दाणा आणि चवीची भाकरी हवी होती, आणि तेवढाच जनावरांसाठी गोड, भरपूर कडबा हवा होता. दुष्काळी वर्षात कडब्याची किंमत दाण्याला मागे टाकते, हे त्याने अनुभवले होते. संशोधकांनी ही कसोटी स्वीकारल्यानंतरच मालदांडीच्या जोडीला बसू शकतील असे वाण निघाले.

त्यातही राहुरीने केलेली जमिनीच्या खोलीनुसार विभागणी मला अतिशय विचारपूर्वक वाटते. ज्या रानात मातीचा थर जेमतेम ३० सेंटिमीटरपर्यंत आहे, तिथे फुले अनुराधा किंवा फुले माऊली. ६० सेंटिमीटरपर्यंतच्या मध्यम जमिनीत फुले सुचित्रा. त्याहून खोल, भारी जमिनीत फुले वसुधा किंवा फुले यशोदा. रब्बी ज्वारी पावसाळा संपताना पेरली जाते आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवरच वाढते. माती जितकी खोल, तितका ओलीचा साठा मोठा आणि तितके अधिक दिवस पीक तगू शकते, म्हणून उथळ रानाला कमी दिवसांचे वाण द्यायचे. हे तत्त्व साधे आहे, पण ते शिफारशीच्या रूपात येण्यापूर्वी तिन्ही प्रकारच्या जमिनींत, चांगल्या आणि वाईट पावसाच्या वर्षांत, अनेक हंगाम प्रयोग करावे लागतात. खोल जमिनीचा मालक आणि बरडावरचा शेतकरी यांना एकच वाण विकणे कोणालाही सोपे गेले असते.

इतर केंद्रांविषयी थोडक्यात लिहिते. वडगाव मावळच्या केंद्राने आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून १९८७ मध्ये इंद्रायणी हा भात दिला. आंबेमोहोराचा वास हवा, पण त्याचे उंच वाढून लोळणे आणि कमी उतारा नको, हा मावळातील भात उत्पादकांचा पेच त्यामुळे बऱ्याच अंशी सुटला. सांगलीजवळच्या कसबे डिग्रजमध्ये सोयाबीनच्या तांबेरा रोगाला तोंड देणारे फुले संगम हे वाण निघाले, कारण कृष्णा-वारणेच्या दमट हवेत तांबेरा खरोखरच येतो आणि तिथे टिकलेले झाड खरेच टिकलेले असते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने तयार केलेल्या मिनी डाळ मिलमुळे अनेक गावांत बचत गटांच्या महिला तूर विकून डाळ विकत आणण्याऐवजी स्वतः डाळ करून विकू लागल्या.

कोकणाचा अनुभव वेगळा आहे. हापूसमध्ये होणारा साका, म्हणजे फळाचा गर आतून खराब होणे, आणि एक वर्षाआड येणारे फळ ही बागायतदारांची दोन जुनी दुखणी. दापोलीने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये रत्ना ही जात काढली आणि पुढे पातळ कोयीचा सिंधू. दोन्हींत साका होत नाही. परंतु बाजाराने हापूसचे स्थान कोणालाही दिले नाही आणि बागायतदारांनी बाजाराचे ऐकले. मला यात संशोधनाचे अपयश दिसत नाही, कारण त्याच विद्यापीठाच्या दुसऱ्या कामांनी हापूसचीच बाग सावरली. पॅक्लोब्युट्राझोल या वाढ आवरणाऱ्या रसायनाच्या वापराने झाडाला दरवर्षी मोहोर आणण्याची शिफारस, फळ चौदा आणे तयार असताना काढण्याचा सल्ला, आणि देठासह फळ अलगद उतरवणारा नूतन झेला, या गोष्टी आज कोकणात इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की त्या कुठून आल्या हे सांगावे लागते. काजूच्या बाबतीत वेंगुर्ल्याच्या केंद्राने वेंगुर्ला ४ आणि वेंगुर्ला ७ यांसारख्या जाती दिल्या. १९९० मध्ये राज्य सरकारने रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आणली, तेव्हा डोंगरउतारावर लावण्यासाठी भरवशाची कलमे आणि कलमे बांधण्याची पद्धत दोन्ही हाताशी होती. बियांपासून लावलेल्या जुन्या, बेभरवशाच्या काजूवर ती योजना उभी राहू शकली नसती.

शेतकरी आणि विद्यापीठ यांच्यातील देवाणघेवाणीत सारे नेहमीच न्याय्य झाले असे मात्र म्हणता येणार नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या लहानशा रानात वेगळी दिसलेली भाताची लोंबी राखून, वर्षानुवर्षे निवड करून एचएमटी हा बारीक तांदूळ तयार केला. तो पूर्व विदर्भात आणि त्याच्याही पलीकडे पसरला. १९९८ मध्ये अकोल्याच्या विद्यापीठाने पीकेव्ही एचएमटी हे वाण प्रसारित केले, आणि मूळ श्रेय आपल्याला दिले गेले नाही ही दादाजींची तक्रार जाहीर होती. राष्ट्रीय पातळीवर त्यांचा गौरव झाला, तरी २०१८ मध्ये ते गेले तेव्हा त्यांचे आर्थिक हाल सर्वांना ठाऊक होते. बियाणे शुद्ध करणे, त्याच्या चाचण्या घेणे हे काम विद्यापीठच करू शकते, हे मान्य आहे. पण वाणाच्या जन्मकथेत शेतकऱ्याचे नाव पहिल्या ओळीत असायला हवे. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्यांना त्यांनी जोपासलेल्या वाणांवर हक्क दिला आहे. त्याची नोंदणी करून देण्यासाठी विद्यापीठांनी स्वतः गावात गेले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

वाणांविषयी बोलणे सोपे असते, कारण वाणाला नाव असते. ज्याची पिशवी भरता येत नाही अशा ज्ञानाचा उल्लेख क्वचितच होतो, आणि माझ्या मते विद्यापीठांचे निम्मे ऋण त्याचेच आहे. रब्बी ज्वारी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान पेरावी, सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन ओळी घ्याव्यात, उताराला आडवी पेरणी करावी, पाच टक्के निंबोळी अर्काची फवारणी वेळीच करावी, हे आज प्रत्येक शेतकरी सांगेल. यातील प्रत्येक वाक्यामागे काही हंगामांचे प्रयोग आहेत. चारही विद्यापीठांच्या संयुक्त संशोधन समितीच्या वार्षिक बैठकीत, ज्याला सगळे जॉइंट ॲग्रेस्को म्हणतात, संशोधकाला आपली आकडेवारी मांडून इतरांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात; ती पटली तरच शिफारस होते आणि कृषी दैनंदिनीत छापली जाते. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही अशा तक्रारी राज्यभरातून आल्या, दुबार पेरणीचा खर्च लोकांच्या डोक्यावर बसला. तेव्हा ज्यांनी पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासली होती, त्यांना आपल्या बियाण्याची अवस्था आधीच कळली होती. सत्तर किंवा अधिक दाणे उगवले तर बियाणे चांगले, त्याहून कमी असतील तर ते टाळावे किंवा बियाण्याचे प्रमाण वाढवावे. या चाचणीला एक रुपयाही लागत नाही, म्हणून ती शिकवण्यात कोणाचा नफा नाही, म्हणूनच ती शिकवणारी संस्था लोकांच्या पैशातून चालली पाहिजे.

प्रत्यक्षात काय घडते? पीक पिवळे पडले की शेतकरी बहुधा तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रात जातो, पान दाखवतो, आणि दुकानदार जी बाटली देईल ती घेऊन येतो. दुकान जवळ असते, उघडे असते आणि उधारीही मिळते. विद्यापीठाचा शास्त्रज्ञ साठ-सत्तर किलोमीटरवर असतो. कृषी विज्ञान केंद्रांनी हे अंतर काही प्रमाणात कमी केले, तरी एका जिल्ह्याला एक-दोन केंद्रे असल्यावर ती किती गावांना पुरणार? बियाण्याचेही तसेच. पैदासकाराच्या, म्हणजे नवे वाण तयार करणाऱ्या शास्त्रज्ञाच्या, हातून निघालेले बियाणे आधी पायाभूत आणि मग प्रमाणित अशा टप्प्यांनी वाढत जाते, आणि यातील एका टप्प्यावर जरी कोणी हात आखडता घेतला, तरी उत्तम वाण पुस्तकातच राहते. जबलपूरहून आलेला जेएस ३३५ हा सोयाबीनचा वाण नवी वाणे आल्यानंतरही कितीतरी वर्षे आपल्या रानांत टिकून राहिला, त्याचे एक कारण हेही होते की बाजारात मुबलक मिळणारे बियाणे त्याचेच होते.

सर्वांत मोठी चिंता रिक्त पदांची आहे. एका संकरातून शेतकऱ्याच्या हाती वाण पडेपर्यंत दहा-बारा वर्षे जातात. या काळात दर हंगामाला पिढी पेरावी लागते, रोगाच्या रानातून निवड करावी लागते, नोंदी ठेवाव्या लागतात. मधली दोन वर्षे पैदासकाराची खुर्ची रिकामी राहिली तर काम दोन वर्षांनी लांबत नाही, अनेकदा ते मोडते, कारण कोणती ओळ का राखली होती हे त्या माणसाच्या नजरेत असते आणि त्याच्या बदलीबरोबर किंवा निवृत्तीबरोबर निघून जाते. भरती होते तेव्हाही मुख्यालये आणि महाविद्यालये आधी भरतात, दूरची केंद्रे मागे राहतात. हा क्रम उलटा करायला हवा: आधी केंद्रावरील पैदासकार, रोगशास्त्रज्ञ आणि कीटकशास्त्रज्ञ, नंतर इतर. २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने बीटी कापूस पोखरला, तेव्हा फवारणीचे वेळापत्रक, नर पतंगांना गंधाने ओढून घेणारे कामगंध सापळे आणि फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावर तेच पीक राखून घेतलेला कापूस, न घेण्याचा सल्ला हे सारे उपाय माहीत होते. परंतु सापळ्यातील पतंग दर आठवड्याला त्याच तालुक्यात मोजणारा आणि संख्या धोक्याच्या पातळीवर गेली की त्याच दिवशी गावांना कळवणारा माणूस केंद्रावर असावा लागतो. तो नसेल, तर शेतकऱ्याला बोंड फोडून पाहीपर्यंत काही कळत नाही, आणि तोवर आतली सरकी खाल्लेली असते.